गावची नोंदवही आणि यंत्राचा अहवाल



विकासाच्या योजना आकड्यांवर उभ्या राहतात, हे सर्वांच्या परिचयाचे विधान आहे. परंतु तो आकडा कोठे जन्मास येतो, कोणाच्या हातून लिहिला जातो आणि गावापासून मंत्रालयापर्यंतच्या प्रवासात त्याचे काय होते, याचा विचार त्या मानाने कमी होतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गुजरातच्या सीमेजवळ, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल हे गाव आहे. सभोवती डोंगर, भात, नागली व वरईची शेती आणि महसुली गावांच्या पोटात विखुरलेले पाडे, असा हा आदिवासी मुलूख. येथील एखाद्या पाड्यावर अंगणवाडी सेविका बालकाला वजनकाट्यावर ठेवते, काट्याकडे पाहते आणि एक आकडा लिहिते. राज्याच्या कुपोषणविषयक अहवालातील प्रत्येक टक्केवारीचा उगम अशा एखाद्या नोंदीत असतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात १९७५ साली सुरू झाली. तेव्हापासून कित्येक वर्षे या आकड्याचा प्रवास कागदावरूनच होत असे. सेविकेच्या नोंदवहीतून तो मासिक अहवालात जाई. पर्यवेक्षिका आपल्या भागाचा गोषवारा करी. प्रकल्प कार्यालय सर्व गोषवाऱ्यांची बेरीज करून जिल्ह्यास पाठवी आणि जिल्हा राज्यास पाठवी. प्रत्येक टप्प्यावर आकडा नव्याने लिहिला जाई. प्रत्येक नवे लेखन म्हणजे चुकीची एक नवी संधी होती, आणि त्यात खर्च होणारा वेळ बालकांच्या वाट्याचा होता. संगणक आल्यावर कागद कमी झाला, पण पुनर्लेखन लगेच संपले नाही. एका पडद्यावर पाहून दुसऱ्या पडद्यावर आकडे भरणे हेही पुनर्लेखनच होय.

संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर आणि इतर संगणकीय प्रणाली यांची जोड घालून अहवाल आपोआप तयार करावेत, हा विचार या अडचणीतून पुढे आला. ही जोड कशी घातली जाते, तिच्यापासून काय मिळते आणि ती कोठे फसवू शकते, हे केवळ तंत्रज्ञांनी जाणून पुरेसे नाही. जे अधिकारी अहवालावर सही करतात, जे शिक्षक माहिती भरतात आणि जे पंचायत सदस्य त्या अहवालाच्या आधारे निर्णय घेतात, त्यांनाही ते ठाऊक असले पाहिजे.

शेतातील नोंदीचा धडा

आकडेवारीच्या शास्त्रात महाराष्ट्राची परंपरा लहान नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणी प्रयोगांना नमुना पद्धतीचा शास्त्रीय पाया दिला. त्याआधी पिकाचा अंदाज बहुधा नजरेने होई. बांधावर उभे राहून पीक किती आणे आले, हे ठरविले जात असे. सुखात्मे यांच्या पद्धतीत गाव, शेत आणि शेतातील जागा या तिन्ही गोष्टी यदृच्छेने निवडल्या जातात. नंतर तेवढ्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, झोडून, वजन करून उत्पादन ठरते. डॉ. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचा शेती संशोधकांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि अनेक पिढ्यांनी तो अभ्यासला.

या पद्धतीचे मर्म आजही लागू आहे. गणित कितीही सूक्ष्म असले तरी प्रत्यक्ष वजन करण्याच्या कामाला त्यात पर्याय नाही. उलट, गणित सुधारले की मूळ मोजणीची जबाबदारी वाढते. अहवाल यंत्राकडून करून घेताना ही गोष्ट पदोपदी आठवावी लागते.

तीन आज्ञावली, एक साखळी

स्वयंचलित अहवालाच्या मागे साधारणपणे तीन प्रकारच्या आज्ञावली काम करतात. पहिली माहिती साठविते. तिला माहितीसाठा किंवा डेटाबेस म्हणतात. दुसरी हिशेब करते, म्हणजे सरासरी, टक्केवारी, तुलना, आलेख. तिसरी मजकूर मांडते आणि अहवालाला वाचनीय रूप देते. पूर्वी या तिघींच्या मध्ये माणूस बसत असे. साठ्यातून तक्ता काढायचा, तो हिशेबाच्या आज्ञावलीत घालायचा, आलेले उत्तर पाहून ते अहवालात टंकलिखित करायचे, असा क्रम होता. आकडेवारीत एक दुरुस्ती झाली की सारा क्रम पुन्हा.

हिशेबाच्या आज्ञावलींचा इतिहास अर्धशतकाहून मोठा आहे. 'एसपीएसएस' ही आज्ञावली १९६८ साली अमेरिकेत सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासासाठी निघाली. तेथीलच बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची संख्याशास्त्रीय भाषा घडविण्यास प्रारंभ केला. तिच्याच धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात 'आर' ही भाषा तयार केली. ती विनामूल्य आहे आणि तिची अंतर्गत रचना सर्वांना पाहता येते. जिल्हा कार्यालय असो वा महाविद्यालय, परवान्याच्या खर्चाशिवाय ती वापरता येते, हे ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

साखळीतील पहिली कडी माहितीसाठा आणि हिशेब यांच्यामधील. हिशेबाची आज्ञावली माहितीसाठ्याला ठराविक भाषेत प्रश्न विचारते : 'जून महिन्यातील, अमुक प्रकल्पातील, सर्व वजनांच्या नोंदी द्या.' साठा त्या नोंदी परस्पर देतो. मध्ये कोणी काही उतरवून घेत नाही. दुसरी कडी हिशेब आणि मजकूर यांच्यामधील. फ्रिड्रिख लाइश यांनी २००२ मध्ये 'स्वीव्ह' या साधनाद्वारे 'आर'ची आज्ञा आणि अहवालाचा मजकूर एकाच दस्तऐवजात गुंफण्याची सोय केली. पुढे २०१२ च्या सुमारास यिहुई शिए यांच्या 'निटर' या साधनाने ती अधिक सुलभ केली. या पद्धतीत अहवालाचा साचा एकदाच लिहावा लागतो. 'या महिन्यात इतक्या बालकांचे वजन घेण्यात आले' या वाक्यातील 'इतक्या'च्या जागी आकडा लिहिलेला नसतो. तो आकडा कसा काढावा, याची आज्ञा लिहिलेली असते. साचा चालविला की आज्ञा पाळली जाते, आकडा येतो आणि वाक्य पूर्ण होते. पुढील महिन्यात तोच साचा नव्या नोंदींवर चालतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तो चालू करण्याचे कामही संगणकावर सोपविता येते.

यात वेळ वाचतोच, पण त्याहून मोठा लाभ दुसरा आहे. प्रत्येक आकडा कोठून आला, हे मागे जाऊन तपासता येते. हाताने भरलेल्या गोषवाऱ्यात एखादा आकडा शंकास्पद वाटला, तर तो कोणी, कोणत्या कागदावरून घेतला याचा शोध कठीण असतो. आज्ञांची यादी मात्र लिखित असते. ती कोणीही वाचू शकतो, आणि त्याच नोंदींवर ती पुन्हा चालविल्यास तेच उत्तर आले पाहिजे.

सेविकेच्या हातातील हिशेब

बालकाचे पोषण ठरविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांत मुलगा की मुलगी, उंची किती आणि त्या उंचीला वजन किती, यांवरून बालक मध्यकापासून किती प्रमाण विचलन खाली आहे ते काढतात. उणे तीनच्या खाली असलेले बालक तीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम', आणि उणे तीन ते उणे दोन यांमधील बालक मध्यम कुपोषित, म्हणजे 'मॅम' समजले जाते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असणे हेही तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते.

हा हिशेब तक्त्यावर बोट ठेवून करता येतो, परंतु त्यात बारकावे आहेत. दोन वर्षांखालील बालकाची लांबी आडवे झोपवून मोजावयाची असते आणि त्यावरील बालकाची उंची उभे करून. लहान बालक उभे करून मोजले असेल, तर मापात ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतात. अशी दुरुस्ती माणसाकडून विसरली जाऊ शकते. यंत्राला ती एकदा शिकविली की ते विसरत नाही. देशात २०२१ पासून वापरात आलेल्या 'पोषण ट्रॅकर' या प्रणालीत सेविका वजन व उंची मोबाइलवर भरते आणि वर्गीकरण यंत्र करते. म्हणजे साखळीची पहिली कडी आता पाड्यावर येऊन पोहोचली आहे.

इतर खात्यांचीही अशीच वाटचाल झाली. आरोग्य विभागाची मासिक माहिती २००८ पासून केंद्रीय आरोग्य माहिती प्रणालीवर जाऊ लागली. शाळांची माहिती २०१२-१३ पासून एकत्रित 'यू-डायस'मध्ये भरली जाऊ लागली आणि २०१५ पासून महाराष्ट्रात 'सरल' प्रणाली आली. परंतु प्रत्येक प्रणाली आपापल्या खात्यासाठी उभारलेली असते. एकाच पाड्यावरील एकाच कुटुंबाची माहिती अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा अशा तीन ठिकाणी, तीन रीतींनी नोंदली जाते. त्या नोंदी एकत्र पाहावयाच्या तर प्रणालींची जोड घालणे आवश्यक ठरते.

नाव एक, गावे अनेक

जोड घालताना पहिला अडथळा नावाचा येतो. हरसूल हेच नाव घ्यावे. छत्रपती संभाजीनगर शहरालगतही हर्सूल आहे. तेथील तलाव आणि कारागृह सर्वांस ठाऊक आहे. देवनागरीत ही दोन नावे वेगळी लिहिता येतात, पण रोमन लिपीत दोन्ही बहुधा एकाच रीतीने लिहिली जातात. उलट, एकच गाव एका प्रणालीत ऱ्हस्व आणि दुसऱ्या प्रणालीत दीर्घ उकाराने लिहिले, तर माणूस ते एकच समजतो, पण यंत्राच्या लेखी ती दोन गावे होतात. म्हणून जोड नावाने न घालता संकेतांकाने घालावी लागते. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास व ग्रामपंचायतीस असा क्रमांक दिलेला आहे. प्रत्येक खात्याने आपल्या नोंदीत तो क्रमांक ठेवला, तर निम्मी अडचण दूर होते.

दुसरा अडथळा सीमांचा. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी त्र्यंबकेश्वर हा स्वतंत्र तालुका नव्हता. २००१ च्या जनगणनेत तो आहे. त्यामुळे या तालुक्याची जुन्या काळाशी तुलना करावयाची तर गावागावांची आकडेवारी घेऊन तालुका पुन्हा जुळवावा लागतो. आज्ञावलीला हे कोणी सांगितले नाही, तर ती तालुक्याच्या नावाखाली चुकीची तुलना निमूटपणे छापून देईल.

तिसरा अडथळा पाड्यांचा, आणि आदिवासी भागात तोच सर्वांत गंभीर आहे. जनगणना महसुली गाव मोजते. लोक मात्र पाड्यावर राहतात. मुख्य गावठाणात रस्ता, शाळा, उपकेंद्र असते, आणि ओढ्यापलीकडील पाड्यावर यांपैकी काही नसते. दोहोंची मिळून सरासरी काढली की पाडा दिसेनासा होतो. नोंद पाड्यानुसार ठेवली असेल तरच अहवाल पाड्यानुसार निघू शकेल. एकदा गावाच्या पातळीवर मिसळलेला आकडा पुन्हा वेगळा करणे कोणत्याही आज्ञावलीला शक्य नाही.

निरंक आणि अप्राप्त

शासकीय कामकाजात 'निरंक' हा शब्द रूढ आहे. सांगण्यासारखे काही घडले नाही, हे लेखी कळविणे म्हणजे निरंक अहवाल. अहवालच न येणे ही वेगळी गोष्ट. पहिल्यात शून्य आहे, दुसऱ्यात अज्ञान आहे. अनुभवी लिपिकाला हा फरक बरोबर कळतो. ज्या गावाचा कागद आला नाही, त्याच्यापुढे तो 'अप्राप्त' असे लिहितो. यंत्राला हा फरक शिकवावा लागतो, आणि जोड घालताना सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात.

याचे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका भागात २० अंगणवाड्या आहेत आणि त्यांत ४०० बालके आहेत. जुलै महिन्यात १७ अंगणवाड्यांची माहिती आली. त्यांत ३४० बालकांचे वजन झाले आणि १७ बालके तीव्र कुपोषित आढळली. प्रमाण झाले शेकडा ५. उरलेल्या तीन अंगणवाड्या ओढ्यापलीकडच्या पाड्यांवर आहेत. पावसामुळे वाट बंद होती, मोबाइलला संपर्क नव्हता, म्हणून त्यांची माहिती आली नाही. आता आज्ञावलीने रिकाम्या रकान्यांत शून्य धरले आणि सर्व ४०० बालकांनी भागले, तर प्रमाण येते शेकडा ४.२५. अहवालाच्या वाचकाला वाटेल की परिस्थिती सुधारली. वस्तुतः, पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले असताना, जेथे धोका अधिक तेथीलच बालके हिशेबातून गळाली. अहवाल सुबक छापलेला, वेळेवर आलेला, आलेखासहित, आणि तरीही दिशाभूल करणारा.

'आर' भाषेत अप्राप्त नोंदीसाठी स्वतंत्र चिन्ह आहे. बेरजेत अशी एकही नोंद आली, तर ती भाषा उत्तरही 'अप्राप्त' असेच देते. उरलेल्यांची बेरीज हवी असल्यास तशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. नवशिक्याला हा हट्टीपणा वाटतो, पण तो प्रामाणिकपणा आहे. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये मात्र रिकामा रकाना बेरजेत विनातक्रार गळतो. म्हणून एका आज्ञावलीतून दुसरीत माहिती जाताना 'अप्राप्त'चे शून्य तर होत नाही ना, ही तपासणी सर्वांत आधी करावी.

यावर एक सोपा उपाय जगभर वापरला जातो. दक्षिण आफ्रिकेत १९९४ च्या सत्तांतरानंतर जिल्हा आरोग्य माहितीसाठी जी प्रणाली सुरू झाली आणि पुढे ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने 'डीएचआयएस-२' या नावाने अनेक देशांत पसरली, तिच्यात अपेक्षित अहवाल किती, प्राप्त किती आणि वेळेवर प्राप्त किती, हे प्रमाण काढण्याची सोय आहे. प्रत्येक टक्केवारीशेजारी हे प्रमाण छापले, तर वरील उदाहरणात 'शेकडा ५. २० पैकी १७ अंगणवाड्या' असे दिसेल, आणि कोणताही जबाबदार अधिकारी प्रथम त्या तीन अंगणवाड्यांची चौकशी करील.

जोड तुटते तेव्हा

प्रगत देशांतही अशा जोडण्या फसल्या आहेत. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करोनाच्या प्रयोगशाळांकडून येणारी माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये आपोआप भरली जात होती. त्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादा संपल्यावर पुढील नोंदी गळून पडल्या. १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आकडेवारीत वेळेवर आली नाही, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला. आज्ञावलीने धोक्याची सूचना दिली नव्हती. गेलेल्या नोंदी किती आणि पोहोचलेल्या किती, यांचा मेळ प्रत्येक वेळी घातला असता, तर चूक पहिल्याच दिवशी कळली असती.

हिशेबनीस ज्याला मेळ घालणे म्हणतो, तेच येथे हवे. प्रत्येक कडीपाशी आलेल्या नोंदी मोजाव्यात, पुढे गेलेल्या मोजाव्यात, आणि फरक पडल्यास अहवाल थांबवावा. वजन ९.२ ऐवजी ९२ भरले गेले, जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली, देवनागरी अंक यंत्राने आकडा न समजता अक्षर समजले, असे दोष यंत्रानेच शोधून बाजूला काढावेत. मात्र ते परस्पर दुरुस्त करू नयेत. ते मूळ नोंद करणाऱ्याकडे परत जावेत, कारण खरे काय ते तिलाच ठाऊक असते.

यंत्राला न दिसणारे

काही उणिवा मात्र कोणत्याही तपासणीत सापडत नाहीत. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने केलेल्या अभ्यासाचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींत बालमृत्यू प्रत्यक्षाहून पुष्कळ कमी दिसतात, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. त्या कमी नोंदींचे कारण बेरजेतील चूक नव्हते. मृत्यू मुळात लिहिलेच गेले नव्हते. न लिहिलेली नोंद सर्वांत वेगवान संगणकालाही मोजता येत नाही.

नोंद का होत नाही, याचे एक कारण सर्वत्र सारखे आहे. वाईट आकडा कळविणाऱ्याला जेथे जाब विचारला जातो, तेथे चांगले आकडे येऊ लागतात. अहवाल आपोआप निघून थेट वरिष्ठांच्या पडद्यावर जाऊ लागला की ही भीती वाढण्याचा संभव आहे. अधिक तीव्र कुपोषित बालके शोधून काढणारी सेविका दोषी ठरता कामा नये. तिने शोधली म्हणून तर ती बालके ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचू शकतात. सलग अनेक महिने निरंक कळविणाऱ्या ठिकाणाची मात्र सहानुभूतीने पाहणी व्हावी.

अशा पाहणीसाठी प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील ताग-पाहणीच्या काळापासून वापरलेली रीत उपयोगी आहे. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथकांनी स्वतंत्र नमुने घ्यावेत आणि दोहोंची उत्तरे ताडून पाहावीत. दर महिन्यास थोड्याशा अंगणवाड्या यदृच्छेने निवडून त्यांतील काही बालकांचे वजन दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा घेतले, तर मूळ नोंदीचा विश्वास किती, हे अंदाजाने नव्हे तर मापाने सांगता येईल. निवड करण्याचे काम आज्ञावली करील. वजन घेण्यासाठी मात्र माणसाला पाड्यावर जावेच लागेल.

स्थलांतरित बालक

हरसूल परिसरातील अनेक कुटुंबे भाताची कापणी संपली की मजुरीसाठी नाशिक शहराकडे आणि दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. बालक आईबापांबरोबर जाते. मूळ अंगणवाडीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि ते हिशेबातून वजा होते. नव्या ठिकाणी कोणी नोंद घेतली नाही, तर ज्या महिन्यांत त्याला आहाराची व लसीची गरज अधिक, त्याच महिन्यांत ते कोणाच्याच अहवालात नसते. प्रणालींच्या जोडणीचा खरा उपयोग अशा जागी आहे. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये निवडक जिल्ह्यांत स्थलांतरितांचा मागोवा घेणाऱ्या प्रणालीचा प्रयोग सुरू केला, तो याच हेतूने. मूळ गावाची यादी आणि कामाच्या गावाची यादी एकमेकींशी बोलू लागली, तर 'स्थलांतरित' या शेऱ्यापुढे 'कोठे' आणि 'पोहोचले काय' हे दोन रकाने भरता येतील.

याच ठिकाणी सावधगिरीही हवी. बालकाचे नाव, आजार आणि कुटुंबाचा ठावठिकाणा ही खासगी माहिती आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. ज्या सेविकेला व आरोग्य कर्मचाऱ्याला बालकापर्यंत पोहोचावयाचे आहे, त्यांना नाव मिळावे. वरच्या अहवालात केवळ संख्या जावी.

अहवाल गावाकडे परत यावा

आजवर अहवालाची वाट बहुधा एकाच दिशेची राहिली आहे. खालून माहिती वर जाते. वरून येते ती नव्या माहितीची मागणी. यंत्राच्या साह्याने ही रीत बदलता येईल, आणि त्याला फारसा खर्च नाही. ज्या साच्यातून जिल्ह्याचा अहवाल निघतो, त्याच साच्यातून प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी मराठीत एक पान काढता येते. पाड्यानुसार बालके किती, वजन झालेली किती, उपचाराची गरज असलेली किती, आणि माहिती अप्राप्त असलेल्या अंगणवाड्या कोणत्या. ते पान ग्रामसभेत वाचले गेले, तर गावकरीच सांगतील की अमुक पाड्याचा आकडा बरोबर नाही. याहून चांगली तपासणी दुसरी नाही. पंचायत उपबंध अधिनियम, म्हणजे 'पेसा', १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देतो. ते अधिकार वापरण्यास अशी माहिती हाताशी असावी लागते.

श्रोत्यांपैकी जे अधिकारी आहेत त्यांनी सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : अपेक्षितांपैकी किती ठिकाणांची माहिती आली, आणि ही माहिती कोणत्या तारखेअखेरची आहे? उशिरा आलेली माहिती मिळविल्यावर सुधारित अहवाल निघाला, तर त्यात कमीपणा मानू नये. जे शिक्षक आहेत त्यांनी पटावरील नाव, जन्मतारीख आणि संकेतांक अचूक ठेवावेत, कारण दोन खात्यांच्या नोंदी जुळतात त्या याच आधारावर. पंचायत सदस्यांनी आपल्या गावाचे पान मागून घ्यावे आणि पाडानिहाय वाचावे. आणि पुनर्लेखनातून सेविकेचा जो वेळ वाचेल तो नव्या रकान्यांनी भरून न टाकता तिला परत द्यावा, ही जबाबदारी सर्वांचीच आहे. तो वेळ गृहभेटीचा आहे, आईशी दोन शब्द बोलण्याचा आहे.

बालकाला वजनकाट्यावर ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे की नाही, हे सेविका पाहून घेते. तेथील शून्य खरे असेल तरच पुढचा आकडा खरा. अहवालातील शून्यही त्याच कसोटीला उतरले पाहिजे. ते पाहून, मोजून लिहिलेले शून्य असावे. माहिती आली नाही म्हणून उरलेली रिकामी जागा नसावी. ही खात्री करून घेण्यासाठी पावसाळ्यात ओढा ओलांडून कोणी तरी त्या तीन अंगणवाड्यांपर्यंत गेले पाहिजे.